पाटीवरचं नाव

संस्थेची वाटचाल लिहायला बसलं की आधी कागद मागवावे लागतात. स्थापनेची तारीख, नोंदणी क्रमांक, पहिल्या सभेचं इतिवृत्त, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका आणि तिच्या पहिल्या पानावर कोट-टोपीतले संस्थापक. मी ज्या संस्थेबद्दल लिहितो आहे तिच्याकडून असला एक चिटोराही मिळायचा नाही. तिचा कारभार तोंडी, हिशेब मालकाच्या कमरेच्या पिशवीत आणि कार्यालय आधी बैलगाडीत, पुढे ट्रकवर. तरी ती पाच पिढ्या चालत आली आहे. वाद्यं, ट्रंका, एक कनात आणि पाटीवर रंगवलेलं एक नाव एवढी तिची मिळकत. ते नाव असं : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

हे नाव सावकाश वाचायचं. आधी बाईचं, मग बापाचं, मग जातीचं, शेवटी गावाचं. नवऱ्याचा पत्ता नाही. आपल्याकडे बाईच्या नावाची मांडणी कशी असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातलं धाडस वेगळं सांगायला नको. आणि तो तिसरा शब्द. मातंगांना पाणवठ्याला शिवू न देणारी पिढी हयात होती तेव्हा तो शब्द ठळक रंगवून हा तमाशाचा फड गावोगाव फिरत होता, आणि त्याच गावांतले कारभारी पुढच्या रांगेत बसायला धडपडत होते. रंगाऱ्याला अक्षरामागे पैसे मोजावे लागत असतील; पण हा शब्द गाळून बचत करावी असं ना भाऊंना वाटलं, ना त्यांच्या लेकीला.

मी नांद्याचा. तालुका मुळशी. लोक जोडीनं चांदे-नांदे म्हणतात, पुण्याहून सूसमार्गे यायचं. आता इकडे इमारतींची दाटी झाली आहे आणि गावात नवीन आलेल्यांना यात्रा म्हणजे रस्ता बंद असण्याचा दिवस वाटतो. आमच्या लहानपणी वर्षाची मोजणीच यात्रेपासून व्हायची. अमक्याचं लग्न यात्रेच्या आधी, तमक्याची म्हैस यात्रेनंतर व्यायली. पालखी, छबिना, रात्री तमाशा, सकाळी देवळापुढे हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. पैलवान मुळशीत घरचेच होते, तमाशा मात्र बाहेरून आणावा लागे. तो आणायला जायचं ठिकाण एकच, नारायणगाव.

तिसेक वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा यात्रा कमिटीबरोबर तिथे गेलो. जीपमध्ये चार तात्या-नाना आणि पैशांची पिशवी सांभाळायला मी. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावच्या एसटी स्टँडच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात. एकेक राहुटी म्हणजे एकेका फडाचं हंगामी कार्यालय. दाराशी कापडी फलक, त्यावर नटलेल्या बायांचे फोटो. आत गादी, तक्क्या, देवाची तसबीर, उदबत्ती आणि मॅनेजरपुढे उघडी वही. वहीत डावीकडे तिथी, उजवीकडे गाव. चैत्री पौर्णिमा आणि कालाष्टमीच्या ओळी आधी भरतात, कारण पुणे जिल्ह्यात निम्म्या गावांचा देव भैरवनाथ आणि भैरवनाथाचा दिवस अष्टमीचा. एकाच रात्री पन्नास गावांना तमाशा हवा असतो आणि फड असतात तीस-पस्तीस. त्या दिवशीचा भाव विचारायचा नसतो, ऐकून घ्यायचा असतो.

आमचे तात्या भाव विचारण्याआधी चार प्रश्न विचारत. सोंगाड्या कोण? ढोलक्या कोण? वग कोणता? आणि शेवटी, बाया किती? मॅनेजर या क्रमानंच उत्तरं देई. मग कुरबुर, उठून जाण्याचं नाटक, चहा, आणि अखेर वहीवर नारळ-सुपारी. ‘सुपारी देणं’ या शब्दाला शहरात पुढे जो वाईट अर्थ चिकटला त्याची आम्हाला तेव्हा गंधवार्ता नव्हती. आमच्याकडे सुपारी म्हणजे तमाशा ठरला.

या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. तसं म्हणायला लावण्यात ज्या घराण्यांचा हात आहे त्यांत खुड्यांचं घर पुढचं. मूळ गाव शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. तिथल्या नारायण खुडे यांनी फड उभा केला. मुलं भाऊ आणि बापू. या दोन भावांनी फडाला नाव मिळवून दिलं : भाऊ-बापू मांग नारायणगावकर. बिऱ्हाड नारायणगावात स्थिरावलं आणि खुडे हे आडनाव कागदापुरतं राहिलं. तमाशात आडनाव गावानं द्यायचं असतं. कवलापूरकर, सातारकर, सांगवीकर, ढवळपुरीकर, शिवणेकर. जिल्ह्याजिल्ह्यांचा नकाशा या आडनावांतून काढता येईल.

त्या काळातला फड म्हणजे काय, हे एकदा सांगायला हवं, कारण आता ‘तमाशा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नुसता नाच येतो. ढोलकी फडाचा तमाशा ही रात्रभराची रचना होती. आधी गण, मग गवळण. गवळणीत राधा, पेंद्या आणि पुरुषानंच रंगवलेली मावशी. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्यानं आणि सरदारानं मिळून गावातल्या मातब्बरांची काढलेली सालं. मग लावण्यांची रंगबाजी. आणि मध्यरात्र उलटली की वग. वग हे नाटकच, पण त्याची संहिता नटांच्या डोक्यात. त्या त्या गावात काय घडलंय हे सोंगाड्या संध्याकाळी पानाच्या टपरीवर ऐकून घेई आणि रात्री वगात पेरून टाकी. मागे सुरत्ये उभे, त्यांच्या हातात तुणतुणं, कडं, झांज. पहाटे मुजरा झाला की कनात उतरवायची, गाड्या भरायच्या आणि पुढच्या गावाला लागायचं.

या रचनेत बाई उशिरा आली. बायांची कामं नाच्या पोऱ्या करायचा. ढोलकी फडावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंचं नाव घेतात. जन्म १८७० चा. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, यांच्या फडात त्या गायल्या. बापूराव ब्राह्मण, पवळा महार. या जोडीवर महाराष्ट्रानं जितकं कुजबुजून घेतलं तितकं त्यांच्या गाण्यावर लिहिलं नाही. १९३९ मध्ये पवळाबाई गेल्या. त्याआधी चार वर्षं, जुलै १९३५ मध्ये, पंढरपुरात भाऊ मांगांना मुलगी झाली. विठ्ठलाच्या गावात झाली म्हणून विठा.

विठाला शाळा मानवली नाही. शाळेनं तरी तिला काय शिकवलं असतं? घरात लावणी, गवळण, भेदिक यांचा पाऊस. चाल कानावर पडायची ती ढोलकीच्या तालासकट. असल्या घरात मूल गाणं शिकत नाही, त्याला ते लागतं, जसं मासे धरणाऱ्याच्या पोराला पोहणं लागतं. लहान वयातच ती बोर्डावर उभी राहिली. बोर्ड म्हणजे तमाशाचं स्टेज. फळ्यांचं असतं, पायाखाली हलतं, आणि त्यावर पायात किलोकिलोचे चाळ बांधून रात्रभर नाचायचं असतं.

चाळ बांधणं हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. कमिटीतला पोरगा म्हणून मला एकदा पाण्याची घागर घेऊन कनातीमागे जावं लागलं. मला वाटलं होतं, आत आरसे-दिवे असतील. तिथे एक कंदील, पत्र्याच्या ट्रंका आणि त्यांवर बसलेल्या बाया. एकीनं पिंडरीभोवती आधी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, घट्ट, हाडाला घुंगरू लागू नये म्हणून. मग चाळांची माळ खालून वर चढवत नेली, प्रत्येक फेऱ्याला दातात दोरी धरून आवळत. दुसऱ्या पायाला तेच. तेवढ्यात शेजारी निजलेलं तिचं मूल उठलं. तिनं चाळांसकट पाय हलवून त्याला झोपवलं, त्या आवाजानं ते खरोखर झोपलं, आणि ती उठून गवळणीला गेली. ती नामवंत कलावंत नव्हती. कोण होती हेही मी विचारलं नाही.

विठाबाईंची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशाच कनातीमागे घडलेली आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि खेळ पुरा करायला पुन्हा बाहेर आल्या. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांच्या ध्यानात आलं. त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट भाषणांतून, लेखांतून, नाटकांतून इतक्यांदा सांगितली जाते की विठाबाई म्हणजे तो दगड, असं झालं आहे.

मला ही गोष्ट नावडते असं नाही. पण तिनं विठाबाईंचं मोठं काम झाकलं, ही माझी तक्रार आहे. बाईच्या सोसण्याची गोष्ट आपल्याला आवडते; तिच्या धंद्याची गोष्ट सांगताना आपण जांभई देतो. त्या रात्री त्या परत बोर्डावर का आल्या? कलेवरच्या निष्ठेनं, असं आपण म्हणतो, आणि ते खोटं नसेल. पण फडावर वाढलेला माणूस दुसरंही कारण सांगेल : खेळ मोडला असता तर रात्रीचे पैसे बुडाले असते, आणि त्या पैशांवर कनातीतली सगळी चूल होती. मालकिणीला रजा नसते.

हो, मालकीण. ढोलकी फडाचा धंदा असा चालतो. आषाढ-श्रावणात खेळ बंद. त्याच दिवसांत कलावंतांशी सालाचा करार होतो आणि त्यांना उचल द्यावी लागते. पोरीचं लग्न, घराचं पत्र्याचं छप्पर, दवाखाना, सगळं त्या उचलीतून. एवढी रक्कम मालकाच्या घरात नसते, म्हणून तो सावकाराकडून व्याजानं उचलतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो. दिवाळीनंतर कनात लावून तिकिटावरचे खेळ, चैत्र लागला की यात्रांच्या सुपाऱ्या, वैशाखात हंगाम संपतो. सात-आठ महिन्यांत नटांचे पगार, ट्रकचं डिझेल, जनरेटर, परवाने, दोन वेळचं जेवण आणि सावकाराचं व्याज हे सगळं भागवायचं. मोठ्या फडात कलावंत, बिगारी, ड्रायव्हर, स्वयंपाकी धरून शंभराच्या घरात माणूस असतो. एखाद्या गावी अवकाळी पाऊस आला, एखाद्या नटानं उचल घेऊन दुसरा फड गाठला, की हिशेब कोलमडला.

भाऊ-बापूंच्या मागे विठाबाईंनी हा गाडा स्वतःच्या नावानं ओढला. गायच्या, नाचायच्या, वगात काम करायच्या आणि उजाडल्यावर पैशांची पिशवी मोकळी करून माणसांची तोंडं पाहायच्या. आधीच्या पिढीत पवळाबाईंनी बाईला बोर्डावर आणलं होतं. विठाबाईंनी बाईला पाटीवर आणलं. त्यांच्याच बरोबरीच्या कांताबाई सातारकर १९३९ साली गुजरातेतल्या एका दगडखाणीवर जन्मल्या. त्यांनीही तुकाराम खेडकरांच्या मागे पुढे फड उभा करून चालवला. दोघी एकमेकींच्या स्पर्धक. प्रेक्षकांचेही दोन तट. एकीच्या गावात दुसरीची तारीफ केली तर तंबाखू मिळायची नाही.

या बायांवर सरकारचं लक्ष कधी नव्हतं असं नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारला तमाशा अश्लील वाटला आणि त्यावर बंदी आली. पुढे बंदी सैलावली, पण खेळाच्या संहिता तपासून घेण्याची अट आली. ज्या वगाची संहिता कुणी कधी लिहिलीच नव्हती ती मंजुरीसाठी लिहून द्यायची! सोंगाड्याच्या बतावणीला शिक्का मारायचा म्हणजे वाऱ्याला पावती फाडायची. तरी फडांनी तेही निभावलं. लिहून दिलं एक आणि रात्री बोलले दुसरं. आणि दहाएक वर्षांच्या आत, १९५७ मध्ये, याच खुड्यांच्या फडाला राष्ट्रपतिपदक मिळालं. १९९० मध्ये पुन्हा. चीनच्या लढाईच्या काळात जवानांपुढे खेळ करायलाही विठाबाई गेल्या. बंदी, पदक आणि सीमा, तिन्ही एकाच आयुष्यात.

याच सुमाराला सिनेमानं तमाशाची चव घेतली. १९५९ चा अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात विजयानंदला दोन वर्षांहून जास्त मुक्काम ठोकून होता. १९७२ मध्ये शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ आला. ढोलकी, चाळ, फेटे, पाटील यांवर मराठी सिनेमानं वीस-पंचवीस वर्षं संसार केला. त्याच वर्षांत खऱ्या फडाची कनात गावाबाहेर पडीत शेतात लागत होती, कारण गावात जागा द्यायला कुणी तयार नसे. सिनेमातल्या लावण्या गाऊन सुलोचना चव्हाण महाराष्ट्रभर पोचल्या आणि त्या योग्यच पोचल्या. रेकॉर्डवर ती गाणी टिकली. विठाबाईंचं काम कुठल्या तबकडीत मावणारं नव्हतं. तीन मिनिटांची लावणी मुद्रित करता येते. गणापासून मुजऱ्यापर्यंतची रात्र कशात भरणार?

इथे मला अमेरिकेतल्या लोरेटा लिन आठवतात. विठाबाईंपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. केंटकीतल्या कोळसाखाणीच्या मजुराची पोर, पंधराव्या वर्षी लग्न, पदरी चार मुलं, आणि मग १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड. तिकडे ज्याला कंट्री म्हणतात, म्हणजे आपल्या शब्दांत खेड्यापाड्याचं गाणं, त्या गाण्यात बाईच्या तोंडून बाईचं दुखणं त्यांनी मांडलं. नवऱ्याच्या दारूवर, बाईच्या बाळंतपणांवर त्या गायल्या तेव्हा काही रेडिओवाल्यांनी कानावर हात ठेवले. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम कलावंताचा मान मिळवणारी ती पहिली बाई. २०२२ मध्ये त्या गेल्या. टेनेसीत हरिकेन मिल्स या गावी त्यांचा वाडा आणि संग्रहालय आहे, लोक तिकीट काढून त्यांचे झगे पाहतात. गरिबी, लवकर आलेला संसार, अंगभूत गळा, इतपत दोघींची कहाणी एका मापाची. फरक पडतो तो तबकडीनं. लोरेटाबाई झोपल्या असताना त्यांचं गाणं कमवत होतं. विठाबाई ज्या रात्री झोपल्या त्या रात्री फड उपाशी.

म्हणून म्हातारपणी हाती काय राहिलं? शरीर थकलं, सुपाऱ्या धाकट्या नटींकडे गेल्या, देणी तशीच. १५ जानेवारी २००२ ला विठाबाई गेल्या. दवाखान्याचं बिल देणगीदारांनी वर्गणी करून भागवलं. राष्ट्रपतिपदकवाल्या फडाच्या मालकिणीची ही अखेर वर्तमानपत्रांत छापून आली, तेव्हा आमच्या चावडीवर एक म्हातारा म्हणाला, “बाईनं आयुष्यभर गावांच्या वर्गणीवर तमाशे केले. शेवटचाही वर्गणीवरच झाला म्हणायचा.” कुणी हसलं नाही.

पुढे चारच वर्षांनी, २००६ पासून, राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशात हयात घालवलेल्या कलावंताला तो दरसाल देतात आणि रक्कम लाखांत असते. पहिल्या मानकऱ्यांत कांताबाई सातारकर होत्या. ज्या विठाबाईंशी त्यांनी जन्मभर यात्रेयात्रेत टक्कर घेतली, त्यांच्याच नावाचं मानपत्र त्यांनी घेतलं. पुढे राधाबाई खोडे, मधुकर नेराळे, गंगाराम कवठेकर अशी नावं त्या यादीत आली. आणि त्यात एक नाव घरचंच : मंगला बनसोडे, विठाबाईंची थोरली लेक.

फडाची गोष्ट म्हणून पाहिली तर विठाबाईंच्या आयुष्यातलं सर्वांत टिकाऊ काम हेच. मुली बोर्डावर आल्या आणि नुसत्या नटी म्हणून राहिल्या नाहीत. मंगलाताईंनी स्वतःचा फड काढला, तो कऱ्हाडजवळच्या करवडीहून चालवला; त्यांचा मुलगा नितीनकुमार हिरो म्हणून पाटीवर आला. धाकट्या मालती इनामदार यांच्या नावाचा फडही राहुट्यांत उभा राहिला. घरं वेगळी झाली, देणीघेणी वेगळी झाली, भांडणंही झाली असतील. पण पाटीवर बाईचं नाव हा रिवाज कुणी मोडला नाही. सहकारी साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या आपल्या पश्चिम महाराष्ट्रात बाईच्या नावानं चालणाऱ्या आणि बाईच्याच हुकुमानं चालणाऱ्या संस्था मोजायला बसा. बोटं उरतील.

आमची आजी जन्मात एकदाही तमाशाला गेली नाही. घरंदाज बायांनी जायचं नसे. यात्रेच्या रात्री पुरुष कनातीकडे गेले की आळीतल्या बाया मागच्या अंगणात गोधड्या टाकून पडायच्या, आणि वाऱ्याबरोबर येईल तेवढा तमाशा ऐकायच्या. गवळण अर्धी यायची, बतावणी कळायची नाही, पण गाणं आणि ढोलकी स्वच्छ. आजी आवाजावरून सांगायची, ही बाई दमली आहे, हिला आज जेवायला मिळालेलं नाही. सकाळी पुरुष वगाची गोष्ट सांगायला लागले की ती म्हणायची, गाणं कसं म्हणाली ते सांग. ते कुणालाच सांगता यायचं नाही. विठाबाईंच्या गाण्याचा सर्वांत बारीक श्रोता अशाच कुठल्या तरी अंगणात पडलेला असणार, पण त्याला विचारायला कुणी गेलं नाही.

तमाशाच्या रात्रीला पुढे दहाचा काटा लागला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद झाले. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत मुभा. नियम चुकीचा नाही, दहावीच्या पोरांना आणि आजाऱ्यांना विचारा. पण जो खेळ नऊला सुरू होऊन उजाडता संपायचा त्याचं काय? गण दोन मिनिटांत, गवळण धावत, बतावणीला कात्री आणि वग गेला. उरली गाणी, तीही सिनेमातली, ढोलकीऐवजी ऑक्टोपॅडवर. वग गेला तसा सरदार गेला, सोंगाड्याला काम उरलं नाही, आणि बाईकडे उरला फक्त नाच. मग पुढची पिढी म्हणते, तमाशात असतं काय, नुसता नाच! आमच्या इकडे तर दहाच्या आधीच मोबाइलवर तक्रार जाते. गेल्या एका यात्रेत पावणेनऊला पोलिसांची गाडी आली. फोन कुणी केला याचा शोध घेत कमिटीची पोरं फिरत होती. मी म्हटलं, जाऊ द्या, त्या माणसानं फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरनं त्याला यात्रा दाखवली नसेल.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा तिकिटाच्या खेळांचे पैसेच आटले, कारण तिकीट रोखीचं आणि उचलही रोखीची. पण सर्वांत मोठा घाव २०२० चा. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशभराची टाळेबंदी नेमकी त्याच दिवशी सुरू झाली. वर्षाच्या सुपाऱ्या ज्या दिवसांत ठरतात त्याच दिवसांत नारायणगावच्या राहुट्या गुंडाळल्या गेल्या. फडमालकांनी आषाढात दिलेल्या उचली डोक्यावर आणि समोर एकही यात्रा नाही. पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१ चा. दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा कडक निर्बंध. लागोपाठ दोन चैत्र कोरडे गेले. नट भाजी विकायला लागले, ढोलकी वाजवणारे हात रंधा मारायला लागले. कांताबाई सातारकरही त्याच काळात, मे २०२१ मध्ये, करोनानंच गेल्या. काही फड पुन्हा उठले नाहीत. जे उठले ते व्याजासकट उठले.

यंदा कमिटीच्या पोरांबरोबर पुन्हा नारायणगावला गेलो. आता जीप नाही, दोन मोटारी, आणि पिशवी सांभाळायला कुणी लागत नाही, पैसे मोबाइलवरून जातात. राहुट्या तशाच, कापडी फलकांच्या जागी फ्लेक्स. फोटोंत बायांच्या शेजारी हिरो, त्याच्या मागे ट्रक आणि दिव्यांच्या कमानी. एका राहुटीत शिरलो. फडाचं नाव सांगत नाही, पण पाटीवर बाईचंच नाव होतं. मॅनेजर तरुण, वही जाड. पोरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाया किती? स्क्रीन किती फुटी? साउंड कुणाचा? दहाला उरकेल ना?

मॅनेजर सराईतपणे उत्तरं देत गेला. बारा, चाळीस फूट, घरचा, उरकेल. पावतीचं पुस्तक ओढलं, गाव विचारलं. नांदे, तालुका मुळशी. तिथी लिहिली, रक्कम लिहिली. मग पेन थांबवून त्यानं माझ्याकडे पाहिलं, बहुधा पांढरे केस पाहून.

“काका, वग लावायचा का?”

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. एकानं विचारलं, “वग म्हणजे ते नाटक ना? किती वेळ चालतं?”

“पूर्ण केला तर तीन तास. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.”

“अर्धा तास लावा,” मी म्हटलं. “सोंगाड्या चांगला पाठवा.”

त्यानं पावतीच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं : ‘वग, अर्धा तास.’ आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.